तार तुटल्यावरची अकरा सेकंदं

प्रिय वन्सं,

'वन्सं' म्हटलं की तू चिडतेस, तीन वर्षांनी लहान आहे मी तुझ्याहून, मला म्हातारी करू नकोस म्हणतेस. आज चिडलीस तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून पर्समध्ये कोंबायचं आणि उरलेलं जेवायच्या सुट्टीत, हे तुझं नेहमीचं आज करू नकोस. काल तुझ्या दवाखान्यात फोन केला होता. डॉक्टरीणबाईंनीच उचलला. घराला रंग चाललाय, तू रजेवर आहेस, शुक्रवारी सकाळी येशील म्हणाल्या. घरी फोन करायची माझी छाती नाही, आणि तुझा मोबाइल तुझा भाऊ कधीही उचलतो हे तूच लिहिलं होतंस. म्हणून हे पत्र बाईंच्या नावाने कुरियरने पाठवतेय. तू आल्या आल्या, पहिला पेशंट खुर्चीत बसायच्या आधी, ते तुझ्या हातात ठेवीन असं त्यांनी कबूल केलंय. कशासाठी, हे काही विचारलं नाही त्यांनी. माझ्या आवाजावरूनच काय ते कळलं असावं.

मी घाबरलेय. सरळच सांगून टाकते. आणि घाबरले की मी बडबडते, हे तुला माहितीये, तेव्हा जरा सांभाळून घे. सोमवारपासून दुकानातून मागच्या दाराने बाहेर पडते, घरी आले की कडी लावते, पाणी प्यायला उठले की परत जाऊन कडी लागलीये का बघते. शेजारच्या आजी विचारत होत्या, अगं, दाराशी भांडण झालंय का तुझं. हसले. हसण्याशिवाय काय करणार.

माझं काउंटर फ्रिज आणि वॉशिंग मशीनचं, हे तुला ठाऊक आहे. समोरच्या भिंतीवर टीव्ही आहेत. मोजून चोवीस. सगळ्यांवर एकच डिस्क फिरत असते, म्हणजे गिऱ्हाइकाला कुठला चांगला दिसतो ते ठरवता यावं. सहा महिने तेच ते निळे मासे पोहत होते. मला त्या माशांची इतकी सवय झाली होती की एखादा उशिरा आला तर काळजी वाटायची. सोमवारी मॅनेजरने नवी डिस्क लावली. बाजारात शनिवारी येणार आहे, पण मोठ्या दुकानांना कंपनीने आधीच पाठवलीये, स्पीकर खपावेत म्हणून. आवाज सुरू झाला आणि पहिल्या दोन सुरांतच मी ओळखलं. आपला म्हातारबा! तीच पांढरी शेंडी, तीच घासून रंग उडालेली गिटार, आणि तीच मैफल. गेल्या वर्षीची. आपली! हातातलं पत्रक तसंच टाकून मी टीव्हीच्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिले. इतका आनंद झाला मला, सांगू काय! तेव्हा डोक्यात दुसरं काहीच आलं नाही, बघ.

'म्हातारबा' हे नाव तू ठेवलंस म्हणून तुझा भाऊ आठवडाभर तुझ्याशी बोलला नव्हता, आठवतं? त्याच्यासाठी तो देव. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं दर रविवारी सकाळी तो मला जवळ बसवून ऐकवायचा. इथे ऐक, हा सूर त्याने वाजवला नाही, नुसता वाकवला. इथे बघ, गाणं संपलंय असं वाटतंय ना, आता ऐक. खोटं कशाला बोलू, छान शिकवलं त्याने. ब्लूज म्हणजे काय हे मला त्याच माणसाने समजावलं, आणि त्या घरातून मी सोबत आणलं ते तेवढंच. लोकांना वाटतं मारणारा माणूस दिवसभर मारतच असतो. तो तर स्वतः वाजवायचा. चांगलं वाजवायचा. वाजवता वाजवता माझं काहीतरी चुकायचं, चहा गार, दाराचा आवाज, काहीही. मग तो ओरडायचा नाही. गिटार हळूच पेटीत ठेवायचा, पेटीचे दोन्ही खटके लावायचा, खट्, खट्, आणि मग उठायचा. अजून कुणी बॅगेचे खटके लावले की मी आधी आडोसा शोधते. मागे एका गिऱ्हाइकाने ब्रीफकेस बंद केली तर मी मशीनच्या आड जाऊन उभी राहिले होते.

मी निघाले त्या दुपारी दार तू उघडून दिलंस. त्यानंतर त्याने तुला तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा त्याच्या डोळ्यांत बघून, मला काही माहीत नाही, असं सांगितलंस. ताकास तूर लागू दिली नाहीस. मी चौकीवर दिलेल्या तक्रारीचं काय झालं ते तूच मला कळवलंस. तो गेला, सगळ्यांना हसवून आला, बायको जरा हळवी आहे म्हणाला. आणि घरी येऊन तुला म्हणाला, तिला ज्याने पळवलं त्याची बोटं मी एकेक करून मोडणार आहे. तू ते पत्रात गंमत म्हणून लिहिलं होतंस. पुढे कंसात लिहिलं होतंस, याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत, हा काय शोधतोय. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

तीन वर्षं नुसती पत्रं, आणि मग गेल्या वर्षी तुझा तो बेत. तुझ्या भावाचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणजे तो मैफलीला येणं शक्यच नाही. गाव तुझंही नाही, माझंही नाही. घरी सांगितलंस की दवाखान्यातर्फे दोन दिवसांचं शिबिर आहे. जीव मुठीत धरून आले मी. स्टँडवर तुला पाहिलं आणि दोघी अशा रडलो की चहावाल्याने पैसे मागायचीही लाज बाळगली. सभागृहाच्या दारावर पाटी होती, चित्रीकरण चालू आहे, आत येणाऱ्यांची त्याला संमती आहे असं समजलं जाईल. तू ती मोठ्याने वाचलीस. मी म्हटलं, शेवटच्या रांगेत, खांबाआड बसणाऱ्यांना कोण बघतंय!

आणि मग तो बॅटरीवाला दारवान आला. पुढच्या रांगेतले पाहुणे आलेच नव्हते, कॅमेऱ्यात रिकाम्या खुर्च्या वाईट दिसतात, म्हणून मागची माणसं उचलून तो पुढे बसवत होता. तू नको म्हणालीस. एकदा नाही, दोनदा म्हणालीस. वहिनी, इथेच बरं आहे, म्हणालीस. आणि मी? मला फुकट पुढची रांग दिसली. फुकटचं ते पौष्टिक, चल गं, म्हणत मी तुझं मनगट धरून तुला खाली ओढत नेलं. तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून जगलेली बाई, आणि एका खुर्चीसाठी असा गाढवपणा केला. सोमवारपासून मी स्वतःला किती शिव्या दिल्यात, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

ते संथ गाणं आठव. मधेच त्याची तार तुटली. तो थांबला नाही, गातच राहिला, आणि गाता गाता खाली बसून स्वतःच्या हाताने नवी तार चढवली. सगळं सभागृह श्वास धरून होतं. तिथे बसून ते बघणं मोठं होतं, पण कॅमेऱ्याला काय, म्हाताऱ्याचं टक्कल आणि पाठ. म्हणून त्यांनी डिस्कमध्ये तेवढ्यापुरती लोकांची तोंडं लावलीत. आवाज त्याचा, आणि चित्रात आपण माणसं. पहिलं तोंड कुणाचं असेल? माझं. चोवीस टीव्हींवर चोवीस मी. गालावरचा तीळसुद्धा दिसतोय गं, इतकं स्वच्छ.

मिक्सरच्या काउंटरवरचा तो बडबड्या, त्याने ओळखलं. अरे, ही तर आपली मॅडम! धावत गेला, डिस्क मागे घेतली, चित्र थांबवलं, सगळ्या दुकानाला हाका मारून गोळा केलं. गिऱ्हाइकं एकदा भिंतीकडे बघतायत, एकदा माझ्याकडे. बिचाऱ्याला वाटलं माझं कौतुक होतंय. मी म्हटलं, ती मी नव्हेच. तो म्हणाला, मग तुमची जुळी बहीण. पुन्हा लावलं. पाच वेळा लावलं त्याने. अकरा सेकंदं आहेत, मी मोजली. शेवटी मॅनेजरला सांगितलं की त्या आवाजाने माझं डोकं फुटतंय, आणि त्याने मासे परत लावले. आमच्या भिंतीवरून ती डिस्क गेली. पण शनिवारी ती सगळीकडे मिळायला लागेल.

तुझं मागचं पत्र मी काल पुन्हा काढून वाचलं. तू किती सहज लिहिलंयस. हॉलला रंग, नवा मोठा टीव्ही, दादाने डिस्कचं बुकिंग महिन्यापूर्वीच केलंय, शनिवारी दुकान उघडताच आणणार, रविवारी मित्र येणार, आणि त्याला मुख्य बघायचंय ते तुटलेल्या तारेचं. मासिकात वाचल्यापासून त्याच्या डोक्यात तेच आहे, म्हाताऱ्याने ते कसं निभावलं. म्हणजे तो नेमका तिथेच थांबणार. तू त्याला बघताना पाहिलंयस. रिमोट हातात, मागे, पुढे, मागे, पुढे, एकेका बोटासाठी दहा दहा वेळा. तिथे बोटं दिसणार नाहीत. तिथे तोंडं दिसणार आहेत.

आता तू म्हणशील, वहिनी, शांत हो. तर शांतपणे विचार केलाय मी. दोन रात्री दुसरं काही केलंच नाही. त्याने मला पाहिलं, तर काय कळणार त्याला? मी जिवंत आहे, एवढंच. चेहऱ्यावर पत्ता लिहिलेला नसतो. ते गाव माझं नाही, तिथे शोधून त्याच्या हाती धुपाटणंही लागणार नाही. फार तर मी नोकरी बदलीन, खोली बदलीन, सवय आहे मला. नुसती माझी भीती असती तर तुला इतक्या घाईने लिहिलंच नसतं. तुझी झोप कशाला उडवायची?

पण ती अकरा सेकंदं माझी नाहीत गं. माझी तीन आहेत. मग कॅमेरा जरासा उजवीकडे सरकतो, आणि उरलेली आठ तुझी आहेत. तुझं डोकं माझ्या खांद्यावर आहे, माझा हात तू दोन्ही हातांनी धरलायस, आणि रडता रडता अशी हसतेयस की आंधळ्यालाही कळावं, या दोघींना एकमेकींची खबर होती. मला हे पहिल्या पानावरच लिहायचं होतं, हात धजला नाही. तू नेहमी म्हणतेस, दादाने माझ्यावर कधी हात उगारला नाही. नाही उगारला, कारण तू त्याच्याशी खोटं बोललीस हे त्याला अजून माहीत नाही. शनिवारी माहीत होईल. मी नवरा सोडला, नणंद सोडलेली नाही, आणि तू त्या हॉलमध्ये त्याच्या शेजारी बसून हे बघावंस म्हणून तर मुळीच नाही. घर निम्मं तुझं आहे, मी का जाऊ, असं म्हणशील. बरोबर आहे तुझं, वकील लावून मागू, भिंती कुठे पळून जात नाहीत. पण आज घरी जाऊ नकोस. काही आणायलासुद्धा जाऊ नकोस. हे वाचलंस की डॉक्टरीणबाईंना सगळं सांग आणि त्यांनाच म्हण, मला स्टँडवर सोडा. सव्वाअकराची गाडी संध्याकाळी सहाला इथे पोचते. मी चारपासून उभी असेन, आणि सहाच्या गाडीतून उतरली नाहीस, तर त्यानंतरच्या गाडीने मी तिकडे यायला निघेन.

तुझीच, अजूनही,
वहिनी