शून्य गळतीची ढाल

चिनहट, लखनऊ
होळीचा आदला दिवस, १९९६

प्रिय सुश्रुत,

शेजारचे शशिकांत रोजच्यासारखे कानपूरला निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते आहे. फोनवर तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून सुटतोस. कागद निदान टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

घरामागच्या मैदानात पेट्रोलचा वास येतो आहे. म्हातारी मी झाले आहे, माझं नाक नाही झालेलं. खालून जाणाऱ्या तुमच्या कंपनीच्या पाइपलाइनच्या खुणेच्या खांबाजवळचं गवत काळं पडलंय. माझ्याकडे शिकायला ठेवलेली तुझी मुक्ता काल तिथून खेळून आली, तर तिच्या चपला मला घरात घेववेनात. तुमच्या माणसाला बोलावलं. तो लांबूनच बघून म्हणाला, "माताजी, इतना तो चलता है. लिखेंगे तो साहब की शील्ड चली जाएगी."

साहेब म्हणजे तू.

गेल्या दिवाळीत जेवताना किती रंगून सांगत होतास! गळती वाटीभर असली तरी नोंदवायची, सगळ्या कंपन्यांनी एकमेकांना कळवायची, म्हणजे एकाची चूक दुसरा करणार नाही. मला अभिमान वाटला होता. मग कुणा शहाण्याने शून्य गळतीसाठी फिरती ढाल काढली. पाइप गळायचे थांबले नाहीत, लिहिणारे थांबले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शांत वर्गाला अशीच ढाल मिळे. आरडाओरडा तेवढाच, फक्त मॉनिटर नावं लिहीत नसे. सिस्टर खूश! पण तिथे फार तर कान दुखायचे, रे.

उद्या संध्याकाळी त्याच मैदानात होळी पेटणार आहे. लाकडांचा ढीग खांबाला जवळजवळ टेकलाय. मी पोरांवर ओरडले, तर सगळी कॉलनी हसली. होळी दरवर्षी इथेच जळते म्हणे. हसण्यात तुझी लेक सगळ्यांत पुढे. "आजी, आप कितना डरती हो!" हो, डरते. कालपासून गॅससुद्धा पेटवलेला नाही.

म्हणून लिहिते आहे. ही गळती तू स्वतः नोंदव आणि आज दुपारपर्यंत माणसं पाठव. नाही आली त्यांची गाडी, तर मी डी.एम.च्या, म्हणजे इथल्या कलेक्टरच्या, कचेरीत तक्रार देणार, तुझ्या नावासकट. मुक्ताला उद्या मी घरात कोंडून ठेवीन. बाकीच्यांची पोरं कुठे कोंडू?

तुझीच,
आई