चकव्याची अर्धी गोष्ट

टाकवे बुद्रुक,
ता. १२ जुलै २०२५

चि. सविता हीस,
आजीचे अ. उ. आ. इकडं समदी खुशाल, तुझं मिरजेचं नर्सिंग कसं चाललंय ते कळव. फोन तुझ्या भावाच्या हातातनं सुटंना. निलेशचं दिसभर बुकिंगच चालू, म्हणून कागद धरला.

घरामागच्या तीन खोल्या शनवार-रव्वार भरत्यात बग! शहरातली माणसं आपल्या चिखलात पाय घालाय पैकं देत्यात. आन् सांजच्याला समदी पोरं माझ्याभवती. मी चकव्याची गोष्ट सांगते. धुक्यात चकवा आपल्याच आईच्या आवाजात नाव घेऊन हाक मारतो, ओ दिली की घेऊन जातो. पोरं एकमेकाला अशी चिकटत्यात! मग ऐन भरात मी उठते, म्हणते बाकीची उद्या. पोरं हट्ट धरत्यात, आईबाप आणिक एक रात राहत्यात. निलेश म्हणतो, आजी माझी पार्टनर. तुझी आई म्हणती, म्हातारीला आता नाटकात काम मिळालं.

म्हशीला रेडकू झालं. तुझ्यावाचून खरवस गोड लागला न्हाई, पर खाल्ला.

हाय ती माया राहू दे.
तुझी आजी धोंडाबाई

मिरज,
ता. १९ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून सगळं हॉस्टेल हसलं. खरवसाचा हिशोब मी दिवाळीत घेईन.

पण आजी, शेततळ्याला जाळी लावली का? तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं, घसरलेल्या पोराला वर चढताच येत नाही. परवा आमच्या वॉर्डात असाच एक मुलगा आणला होता. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. दादाला म्हणावं, खोल्यांना रंग नंतर दे, आधी जाळी.

आणि गोष्ट अर्धी ठेवत जाऊ नकोस गं. लहानपणी ती ऐकून मी आईच्या हाकेलाही ओ देत नव्हते, विसरलीस?

घरात सर्वांना नमस्कार. तुझी आठवण येते, तूही काढत जा.
तुझी सविता

टाकवे बुद्रुक,
ता. २८ जुलै

चि. सविता हीस,
अ. उ. आ.

जाळी आणलेली, पर पाहुणे गेल्यावर लावू म्हणून निलेशनं तशीच ठिवली. काल सकाळी धुकं असं, की दारातनं गोठा दिसंना. पाहुण्यांचा पवन, सहा वर्साचा, रेडकू बघाय गेला तो गेलाच. त्याच्या आईनं हाका मारल्या, निलेशनं मारल्या, वस्ती गोळा झाली. कुटनं ओ न्हाई. शेततळ्याच्या बांधावर त्याची एक चप्पल घावली. निलेश कंबरेला दोर बांधून पाण्यात उतरला. पोराची आई खाली बसली.

तवा माझ्या ध्यानात आलं. आदल्या सांजंला मीच गोष्ट अर्धी टाकून उठलेली. मी वरडले, कुणी हाक मारू नका. माणसं म्हणाली, म्हातारी भरमली. मी बांधावर बसले आन् धुक्याकडं तोंड करून राहिलेली गोष्ट सांगाय लागले. म्हणलं, बाप कंदील घेऊन आला, चकवा भिऊन पळाला, पोराला आई भेटली, तिनं भाकर दिली. पल्याडनं, पार पाण्याच्या कडंनं, बारीक आवाज आला. चकवा मग परत न्हाई ना आला, असं त्यानं इचारलं. मी म्हणलं, न्हाई रं बाळा.

निलेशनं उचलला तवा पोरगं प्लास्टिकवर पाण्याच्या पाइपाला धरून बसलेलं, गुडघ्याएवढ्या पाण्यात. आईची हाक त्याला ऐकू येत हुती. म्हणूनच ते गप हुतं.

पाहुणे चहाबी न घेता गेले. निलेशनं कालच जाळी ठोकली. माझ्याशी बोलत न्हाई.

सविता, घरात कुणाला सांगितलं न्हाई ते तुला सांगते. माझ्या आयनं सांगितलेल्या गोष्टीत ते पोरगं परत येत न्हाई. शेवट मी तितं बसूनच केला. आता डोळा लागला की आयचाच शेवट ऐकू येतो.

रागवू नगं, जीव लावत ऱ्हा.
धोंडाबाई