चौथ्या खंडाची जागा

ड्वेन,

आईचे कपडे द्यायला टोलिडोला बहिणीकडे चाललेय, रविवारी येईन. चिकनचा कॅसरोल भाजून फ्रीजमध्ये ठेवलाय, गरम करून खा.

तुझ्या सुपरहीरो कॉमिक्सचा तो जाड पुठ्ठ्याचा चौथा खंड एकदाचा पुन्हा छापला गेला, आज पार्सल आलं. अकरा वर्षं शेल्फवर तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये तू त्याची जागा राखलीस. मला तिथं साधा फोटो ठेवू दिला नाहीस. आणि माझी आई आजारी पडली तेव्हा काय म्हणालास? "घरात जागा कुठंय? फार तर गॅरेजमध्ये खाट टाकू." शेवटी बिचारी वृद्धाश्रमातच वारली.

काल तिच्या अस्थी आणल्या. डबा त्या जागेत अगदी बरोबर बसला. त्याला हात लावायचा नाही.

तुझं पुस्तक गॅरेजमध्ये ठेवलंय.

मार्लीन