अर्ध्यावरचा काटा

१० ऑक्टोबर २००३

चोरी! माझ्या अंगणातून, माझ्याच गाडीतून पेट्रोलची चोरी!

काल संध्याकाळी गाडी लावली तेव्हा काटा बराबर अर्ध्यावर होता. स्वतःच्या डोळ्यानं बघितला. आज सकाळी केदारखेड्याचा माणूस धापा टाकत आला — "डाक्टर, म्हैस अडली, जल्दी चला!" मी पशुधन पर्यवेक्षक, पण गावं डॉक्टरच म्हणतात. बॅग उचलली, किक मारली, निघालो. काट्याकडं कोण बघतो अशा वेळी? हसनाबाद सोडून थोडं गेलो की गाडी फुरफुरली आन ठप्प. पेट्रोलचा कॉक आधीचाच रिझर्व्हवर. गाडी आडवी पाडून हलवली, उभी केली, मंग बघितलं तर काटा लालवर. झाकण उघडलं — ठणठणाट!

पायी गेलो. म्हैस वाचली, रेडकू गेलं. मालकाची बायको बोलली. "डाक्टर, थोडं आधी आले असते तर..." असलं ऐकायची सवय न्हाई मला.

अंगणाच्या दाराला आतून कडी असते. म्हणजे चोर बाहेरचा न्हाई.

११ ऑक्टोबर

पंपावर जाऊन अर्धी टाकी भरली. काटा अर्ध्यावर. आता बघतोच.

घरात माणसं चार. एक मी. दुसरी माय — झुंबरबाई, सत्तरी उलटलेली, गाडीचं झाकण कुठं असतं हे पण तिला म्हाईत नसंल. तिसरी नंदा, माझी बायको. चौथा कचरू. नंदाचा धाकटा भाऊ, शहागडचा. आखाडापासून आमच्याकडं राहून राह्यला. भोकरदनला कापसाच्या जिनिंगमधे कामाला लागलाय, सकाळी जीपनं जातो, संध्याकाळी जीपनं येतो. कोणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. खाली मान घालून जेवतो आन "दाजी, अजून काही काम?" म्हणतो.

इतका गरीब माणूस मला पटतच न्हाई.

१२ ऑक्टोबर

जेवताना सहज बोललो, "घरातलाच उंदीर असला तर मांजरानं करावं काय?" नंदानं भाकर थापता थापता हात थांबवला. "कोणाला बोलून राह्यले? सरळ बोला की."

सरळच बोललो मंग. पेट्रोल पाण्यासारखं उडून जात न्हाई म्हणलं. कोणीतरी काढतं. आन त्यापायी एका बाईचं रेडकू मेलं.

कचरूनं घास ताटात ठेवला. ताटाला हात जोडून उठला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

नंदा रात्री माझ्याकडं पाठ करून झोपली. झोपू दे.

१४ ऑक्टोबर

गाडीची किल्ली मुद्दाम खुंटीवरच ठेवतो, चौकोनी बिल्ल्याची आकड्याची बाजू भिंतीकडं करून. कोणी हात लावला तर कळेल. जनावरांत आयुष्य गेलं माझं. जे बोलत न्हाई त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

लाळ-खुरकताची लस टोचायचं काम सुरू झालंय. रोज तीन-चार गावं.

१५ ऑक्टोबर

बिल्ला उलटा!! सकाळी बघितलं तर आकडा माझ्याकडं. नंदा म्हणते, "मीच झाडताना हलवला असंल." भावाला झाकून घेते. काटा मात्र अर्ध्यावरच. सापडायच्या भीतीनं काही न काढताच किल्ली परत टांगली वाटतं.

१८ ऑक्टोबर

आता गंमत बघा. आठवडा झाला, एवढ्या चकरा मारल्या. एरवी दोनदा पंपावर जावं लागलं असतं. काटा अर्ध्यावरून हलायला तयार न्हाई! गाडी कशी मस्त चालून राह्यली.

म्हणजे काय? म्हणजे आखाडापासून थोडं थोडं जातच होतं. मी बोललो, आन चोरी बंद! ह्याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे? नंदाला सांगितलं तर म्हणाली, "तुमचं डोकं तपासून घ्या." बायकांना हिशोब कळत न्हाई.

तसा कचरू वाळलाय मात्र. आज जेवलाच न्हाई नीट. मायनं बळंच दूध दिलं.

२० ऑक्टोबर

सापडला!

संध्याकाळी कचरू जीपमधून उतरला. मी चावडीपाशीच उभा होतो. जवळून गेला तसा वास आला. पेट्रोल! "पिशवी दाखव," म्हणलं. पांढराफटक पडला. डब्याच्या खाली, टॉवेलात गुंडाळलेली प्लास्टिकची बाटली. काठोकाठ भरलेली! चारचौघांसमोर काढली मी ती.

"हे काय आहे?"

"दाजी, घरी चला, सांगतो."

"इथंच सांग!"

न्हाई सांगितलं. लोक बघत होते. घरी आलो, मी बोललो ते इथं लिहीत न्हाई. बहिणीच्या दारात राहून दाजीच्या टाकीत नळी घालतो, एवढंच म्हणलं समजा. त्यानं कपडे भरले. मायच्या पाया पडला. नंदाला म्हणाला, "अक्का, तू रडू नको. दाजीचं बी बराबर हाय, त्यांचं काम तसं हाय." आन शेवटच्या गाडीनं शहागडला गेला.

बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं. माझं मला परत.

नंदा म्हणाली, "सहा दिवसावर भाऊबीज आली." एवढंच.

२१ ऑक्टोबर

घरात कोणी बोलत न्हाई. माय सुद्धा. जणू चोर मीच!

२३ ऑक्टोबर

हे काय झालं?

सकाळी निघायच्या आधी काटा बघितला, अर्धा. आता बघितल्याशिवाय किकच मारत न्हाई. दोन गावं केली आन तिसऱ्याच्या अलीकडं गाडी फुरफुरली. बंद. काट्याकडं बघितलं — अर्धा! झाकण उघडलं — कोरडी ठाक! बोटानं काट्याच्या काचेवर टिचक्या मारल्या. हरामखोर, हलला न्हाई.

कचरू शहागडला. मंग आता कोणी काढलं? नंदानं? क्षणभर खरंच आलं मनात. पण सकाळपासून गाडी माझ्याच बुडाखाली आहे. बुडाखालून कोण काढणार?

म्हणजे काटाच खोटारडा.

२४ ऑक्टोबर

भोकरदनला बद्रीनाथच्या गॅरेजला नेली. तो म्हणाला मीटर गेलं. दुसऱ्या गाडीचं मीटर जोडून बघितलं, तरी काटा अर्ध्यावरच. "मंग वायर असंल." वायर बदलली. तेच! शेवटी टाकी उतरवली. आत एक तरंगता गोळा असतो दांडीवर, पेट्रोलबरोबर वर-खाली होतो, त्याच्यावर काटा चालतो. तो दांडीसकट बाहेर काढला.

दांडीच्या सांध्यात एक काडी अडकलेली. काडीला लाल धागा गुंडाळलेला. काळी पडलेली दोन-तीन पानं. बद्रीनाथनं उजेडात धरलं. "साहेब, हे तर आपट्याचं सोनं!"

दसऱ्याला गाडी धुऊन पुसताना झाकण उघडं ठेवलं होतं खरं. घरी येऊन मायला विचारलं.

"मीच टाकलं," माय म्हणाली. "कोठीत टाकतो, पेटीत टाकतो. गाडीचं पोट ते. कायम भरलेलं ऱ्हावं म्हणून धागा बांधून टाकलं. का, काय झालं?"

काय झालं! गोळा अर्ध्यावर अडकला की टाकी कोरडी झाली तरी काटा अर्धाच. पहिल्या दिवशी गाडी आडवी पाडली तेव्हा घडीभर सुटला असंल, म्हणून लालवर आला. भरली, परत अडकला.

हसू आलं मला, लहान पोरासारखं. चोरी झालीच न्हाई! रेडकू आपट्याच्या काडीनं मारलं! नंदाला सांगितलं. ती हसली न्हाई.

पण मंग ती बाटली? ते तर मी डोळ्यानं बघितलं. टाकीतून न्हाई तर जिनिंगमधून आणलं असंल कुणाचं तरी. काहीतरी भानगड होतीच. मी उगंच बोलत न्हाई.

भाऊबीज

शहागडहून कोणी आलं न्हाई. नंदानं पाट मांडला, उचलला. दिवेलागणीला ताट घेऊन अंगणात गेली आन चंद्राला ओवाळलं. जिला भाऊ नसतो ती ओवाळते चंद्राला. मी गाडीपाशी उभा होतो.

तेव्हा डोक्यात आलं. काटा खोटा होता, तर अर्ध्या टाकीत मी एवढी गावं कशी फिरलो? आन तो जाताच तिसऱ्या दिवशी गाडी कशी बंद पडली?

बाटली भरलेली सापडली ती संध्याकाळी. कचरू तेव्हा कामावरून घरी येत होता. चोर भरलेली बाटली घरातून बाहेर नेतो. घरात आणत न्हाई.