सिंहिणीपुढे वाजवलेली टाळी

प्रिय मेहुणे झाकेयो यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा योतामू याचा गुडघे टेकून नमस्कार. तुमची पाठ आणि तुमचं शिवणयंत्र कसं आहे? (दोन्ही एकाच वेळी कुरकुरायला लागली म्हणून एकत्र विचारतो.) इकडे तुमची बहीण तिसाउके बरी आहे, शेंगा बऱ्या आल्या, आणि तुम्ही सांभाळायला ठेवलेल्या कोंबड्यांविषयी शेवटी लिहितो.

गेल्या मंगळवारी सकाळी मी एका सिंहिणीला वाकून, टाळी वाजवून नमस्कार केला. तुमच्या चिपाटा शहरापर्यंत ही गोष्ट एव्हाना पोचली असेल, आणि वाकडी पोचली असेल, म्हणून सरळ करून पाठवतो.

पाहुण्यांना प्राणी दाखवायला जंगलात पायी नेतात तेव्हा सर्वांत पुढे बंदूक घेऊन व्हाइटसन, मध्ये पाहुणे आणि सर्वांत शेवटी चहाची किटली घेऊन मी. एकोणीस वर्षं मी शेवटी चालतो आहे. लोकांना वाटतं, शेवटचा म्हणजे हलका. पण सिंह मागूनही येतो, आणि तेव्हा पहिला मीच असतो, हे कुणी ध्यानात घेत नाही. (व्हाइटसन घेतो. म्हणतो, "तू मागे असलास की मी निर्धास्त. त्याचं तुला खाऊन होईपर्यंत माझी बंदूक भरून होईल." तो न्गोनी जमातीचा आहे, आणि त्यांनी आमच्या जमातीची थट्टा करायची ही आजोबांपासूनची रीत, म्हणून मी त्याला साखर कमी घालतो, एवढंच.)

तर ऑक्टोबरातला पाणवठा, पाणी आटून मधोमध गेलेलं. पलीकडच्या काठावर पाच सिंह पाणी पीत होते. पाहुणे वारुळाआडून दुर्बिणी लावून बसले होते आणि मी चिंचेखाली चूल मांडून किटली उचलली होती. सगळ्यांच्या नजरा पलीकडे, आणि सहावी आमच्या बाजूच्या गवतातून निघाली. माझ्यापासून बारा पावलांवर ती पाणी प्यायली, मग तिने मान वर केली आणि मला पाहिलं. अशा वेळी ताठ उभं राहून तिच्या डोळ्यांत बघायचं, हे मला एकोणीस वर्षं शिकवलेलं आहे. पण तिने आधी माझे पाय पाहिले, मग किटली, मग सावकाश टोपी, आणि हेच मिळायचं होतं का, अशी मान किंचित वळवली. मेहुणे, ती नजर माझ्या गुडघ्यांच्या ओळखीची होती. मी वाटेतून बाजूला झालो, किटली खाली ठेवली, टोपी काढली, तोंड फिरवून उकिडवा बसलो आणि खाली बघत ओंजळीने हळू तीन टाळ्या वाजवल्या. सासूबाई समोर आल्या की वाजवतो तशा. ती थोडा वेळ थांबली (त्याही थांबतात) आणि गवतात निघून गेली. किटलीतला थेंबही सांडला नव्हता. हे मी अभिमानाने लिहितो. देवाचं नाव मात्र चहा ओतताना आठवलं, त्याबद्दल त्याची माफी मागितली आहे.

पाहुण्यांनी ही जुनी गुप्त विद्या समजून वहीत दोन पानं लिहिली. व्हाइटसन म्हणाला, "मला वाटलं शेवटची प्रार्थना चाललीय. मध्ये कसं बोलायचं?"

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पण रविवारी चर्चच्या आवारात मी सांगून बसलो की ती अगदी आमच्या सासूबाईंसारखी दिसत होती. दुपारपर्यंत ते टेकडीपलीकडे त्यांच्या गावात पोचलं आणि संध्याकाळच्या आत निरोप उलटा आला. आमच्या एनेलेसच्या लग्नाला आजी येणार नाही. तिने येऊन हात धरल्याशिवाय नवरी घराबाहेर पडत नाही, आणि लग्न दोन आठवड्यांवर. जावयाने एका प्रश्नाचं उत्तर दिलं तरच येईन, असं त्या म्हणतात: "तेवीस वर्षांत या माणसाने माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. मग ती माझ्यासारखी दिसते हे त्याला कळलं कसं?"

एनेलेस दोन दिवस ताटातली मक्याची न्शिमा नुसती चिवडते आहे. तिसाउके म्हणते, "सिंहिणीपुढे ऐट केलीत ना, आता माझ्या आईपुढे करा."

सासूला लुगडं आणि कोंबडी दिल्यावाचून जावयाने तिच्याकडे बघायचं नसतं. आधी पैसे नव्हते, मग सवड नव्हती, मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटू लागली. बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
योतामू

ता. क. खरं काम आता लिहितो. तुम्ही आईचे लाडके आहात. गावी जा आणि सांगा की योतामूच्या डोळ्यांत तेव्हा ऊन होतं, सिंहीण नीट दिसलीच नाही.

ता. क. दुसरा. वरचं काम करू नका. पत्र नेणारी बस चुकली, ते खिशातच राहिलं आणि दोन दिवस त्या ताठ उभं राहण्याचा विचार करत होतो. आज सकाळी लुगडं आणि कोंबडी घेऊन मीच गेलो. (कोंबडी तुमची ठिपकेवाली. माझ्याकडे तितकी चांगली नव्हती. माफ करा.) कुंपणाबाहेर बसून टाळी वाजवली आणि म्हणालो, "आमाय, तोंड नाही पाहिलं. पण तुमचं बघणं ओळखतो. तेवीस वर्षं माझ्या टोपीवर पडतंय."

आतून पावलं कुंपणापर्यंत आली. मग त्या इतक्या हसल्या की कोंबडी फडफडली. "जावईबापू, लग्नाला येते. पण आधी वर बघा," म्हणाल्या. मी वर पाहिलं. त्या सिंहिणीसारख्या अजिबात दिसत नाहीत. हुबेहूब तुमच्यासारख्या दिसतात.