बावीस पांढरे झगे

१ सप्टेंबर, रविवार
झगे आज नुसते झळकत होते! बावीसच्या बावीस. सकाळी सातच्या ठोक्याला लाँड्रीतून गाठोडं आलं, उघडलं तर अजून गरम. अकरा वर्षं गायकवृंदाची वस्त्रं माझ्याकडे आहेत, एकदाही चुरगळलेला झगा वेदीपुढे उभा राहिलेला नाही. थोडा गर्व होतो. होऊ दे.

उपासनेनंतर शेजारीण म्हणाली, "तुमच्या वहिनी हल्ली कुठल्याच चर्चला दिसत नाहीत." दोन वर्षांपूर्वी वहिनी आमची मंडळी सोडून टायरच्या दुकानाच्या माडीवर भरणाऱ्या मंडळीत गेल्या, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दादाच्या घरची पायरीही मी चढले नाही. आता तिथेही जात नाहीत म्हणे. म्हटलं, ज्याची त्याची श्रद्धा!

३ सप्टेंबर, मंगळवार
तिन्ही मंडळ्यांची एकत्र बैठक — पहिल्यांदाच! दगडी चर्चचे फादर, आमचे पाळकसाहेब आणि माडीवरच्या मंडळीचे भाऊ (सहा दिवस वायरिंग करतात, सातव्या दिवशी उपदेश). दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विषय काढला. लाँड्रीतल्या चौदा बायका सुजलेले पाय घेऊन येतात, आठवड्यात एक दिवसही सुट्टी नाही. ठरलं, मालकाकडे रविवारची सुट्टी मागायची.

पण आधी प्रार्थना कोण करणार यावर पाऊण तास! शेवटी भाऊ म्हणाले, "मी जिना चढतानाच केलीय, कामाला लागा." मग पत्रावर कोणाचं नाव आधी? मी म्हटलं, वयाने मोठा त्याचं. तर फादर पाळकसाहेबांकडे बोट दाखवतात, पाळकसाहेब फादरांकडे! दोघांनाही एकदम तारुण्य आलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार
जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीच्या मागच्या दारी गेले, बायकांशी बोलायला. डबा उघडून पायरीवर बसलेल्या — वहिनी!

"वन्सं, तुम्ही?"

दादाची कंबर गेली. दीड वर्ष तो अंथरूण धरून आहे, आणि घर वहिनींच्या इस्त्रीवर चाललंय. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. मी विचारलं, कळवलं का नाही? म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत कुठे?"

खरंच, कुठे विचारलं? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुट्टीचं बोलले तर मान हलवली. "मिळाली तर सोन्याहून पिवळं. पण माझं नाव कुठे घेऊ नका. काढून टाकलं तर खायचं काय?"

१० सप्टेंबर, मंगळवार
आज मालकाकडे गेलो. आम्ही चौघं आणि नर्सबाई. माणूस सभ्य. चहा मागवला, पत्र पूर्ण वाचलं. मग उठून मागच्या फळीकडे नेलं.

"सोमवार ते शनिवार दवाखान्याचं आणि हॉटेलांचं काम असतं. रविवारी पहाटे बॉयलर पेटतो तो तुमच्यासाठी. एकदा पेटवला की दिवसभर चालवावा लागतो, नाहीतर मला परवडत नाही." आणि तीन चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. दगडी चर्च, वेदीची वस्त्रं. माडीवरची मंडळी, खुर्च्यांची कव्हरं. तिसरी माझ्या अक्षरात — 'झगे बावीस. रविवारी सकाळी सात. उशीर चालणार नाही.' खाली दोन रेघा, मीच मारलेल्या.

फादर बुटांकडे बघत राहिले. भाऊ छताकडे.

मालक म्हणाला, "तिघांनीही गाठोडी थांबवा, मी बॉयलर थांबवतो. पण एकाचं जरी आलं तरी सगळ्या बायका कामावर. बघू किती टिकता!"

११ सप्टेंबर, बुधवार
दीड वर्ष माझे झगे वहिनी इस्त्री करत होत्या. त्यांना ठाऊक होतं. बोलल्या नाहीत.

१५ सप्टेंबर, रविवार
आमचा गायकवृंद घरच्या कपड्यांत गायला. एक चौकड्यांचा शर्ट, एक फुलाफुलांची साडी, सगळे बस चुकल्यासारखे उभे. गायन मात्र झकास!

आणि दगडी चर्चच्या कमिटीतल्या एका बाईने परस्पर गाठोडं पाठवलं. "एवढ्याने काय होतंय!" बॉयलर पेटला. चौदाजणी कामावर. वहिनीही. मागचे पाढे पंचावन्न! इतका संताप आला की जेवले नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार
वाटलं होतं, आज फादरांची खरडपट्टी निघणार. त्यांनीच आधी कान धरले. मग आमचे पाळकसाहेब म्हणाले, "आमच्याकडूनही निसटलंच असतं." भाऊंनी तोडगा काढला. दर शनिवारी एकाची वस्त्रं दुसऱ्याच्या कपाटात, किल्लीही त्याच्याकडेच. आमचे झगे फादरांकडे, त्यांची वस्त्रं माडीवर, माडीवरची कव्हरं माझ्याकडे. सोमवारी परत घ्यायची, हवी तर तेव्हा धुवायला टाकायची.

फादर म्हणाले, "म्हणजे आपला एकमेकांवर विश्वास नाही का?" भाऊ म्हणाले, "एकमेकांवर आहे हो, स्वतःवरच नाही!" सगळे हसलो. फादर सगळ्यांत जास्त.

२१ सप्टेंबर, शनिवार
गायकवृंदाचे प्रमुख दारात. "उद्या बाहेरचे पाहुणे आहेत. एवढ्याच रविवारी झगे द्या."

"किल्ली फादरांकडे आहे."

"मग फादरांकडून आणा ना!"

म्हटलं, "खुर्च्यांची कव्हरं हवीत का? ती आहेत माझ्याकडे." पाय आपटत गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला झग्यांची काळजी वाटली नाही.

२२ सप्टेंबर, रविवार
लाँड्रीचं धुराडं थंड! जाताना मुद्दाम वळसा घालून बघितलं. दाराला कुलूप.

आज वहिनी उपासनेला येणार, अशी माझी खात्री. शेजारची जागा धरून ठेवली. पहिलं गीत झालं, दुसरं झालं, शास्त्रवाचन झालं. सारखं दाराकडे बघत होते. शेवटी उठले. एकतीस वर्षांत कधी मधून उठले नव्हते. सरळ दादाच्या घरी.

दादाने भिंतीला धरत धरत दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. वहिनी झोपल्या होत्या. भाजलेला हात उशीवर उताणा. मी खुर्ची ओढून बसले.

दीड वाजता डोळे उघडले. "अगंबाई वन्सं! उपासना चुकली माझी!"

"माझीही," म्हटलं. "झोपा अजून थोडं."