कुंचीवरचं नाव

इटली, जानेवारी १९४६

बाणूअक्काला धाकट्या इरप्पाचा दंडवत.

पुन्हा तेच लिहिलीस, "बाप आल्याबिगर बारसं न्हाई." लेकरू आठ महिन्यांचं झालं. आत्या तू, कानात नाव सांगायचं काम तुझं; मग कामून अडून बसलीस? लढाई सरली, पर आमचं जहाज कधी निघंल ते कुणी सांगंना.

मी खुशाल हाय. पलटणीतली खेचरं बी धडधाकट हायत. जेवण पोटभर मिळतंय. मराठीत बोलायला मात्र खेचरंच.

रविवारी इथल्या यहुदी लोकांच्या देवळात नुमाइश बघितली. लढाईतनं वाचलेल्या त्यांच्या जुन्या वस्तू मांडल्या व्हत्या. एका म्हातारीनं तान्ह्या लेकराला गुंडाळायचं फडकं दाखवलं. त्यावर रेशमानं नाव भरलेलं. दुभाष्या म्हणाला, "हे तिच्या ल्योकाचं, दाविदचं. जर्मनांनी त्याला धरून नेलं, तो परत आला न्हाई. त्याचं नाव एकदा तू बी घे, म्हणतीय."

मी म्हणलो, "दाविद."

तिनं डोळे पुसले आन माझ्या लेकराचं नाव विचारलं. अजून ठेवलं न्हाई, म्हणून सांगितलं.

अक्का, आता माझी वाट बघू नको. तुला आवडंल ते नाव ठेव, त्याच्या कुंचीवर लाल दोऱ्यानं भर, आन मला लगेच कळव. लेकराच्या आईचा ताप उतरला का?

बारशासाठी पाठवायलोय, इंग्रजी कलदार पंधरा रुपये.